नमुना सात

शाळा सुटली की मी बीएलओ होते.
पिशवी तीच, आत हजेरीपटाऐवजी
भाग क्रमांक एकवीसची मतदारयादी,
आठशे त्र्याहत्तर नावं,
कोपऱ्यांना काजूच्या बोंडांचे डाग.

यंदा नमुना सात आले एकोणचाळीस.
खाली सही एकाच हाताची,
वळणदार, अजिबात घाई नसलेली.
कारण : इथे राहत नाही.
कारण : इथे राहत नाही.

बाजारात यावरून रोज पातळभाजी थंड होते.
पुंडलीक केरकर म्हणतो, कार्ड विचारायचंच,
नाहीतर उद्या कोणीही येऊन बटण दाबेल.
उसपकर म्हणतो, कार्ड आहे रे सगळ्यांकडे,
पण कार्डावरचा माणूस तुला पटला पाहिजे ना.
बाय, तू सांग, असं दोघेही म्हणतात.
मी चहा संपवते.
मेलेला फटी परब दोन वर्षं यादीत जिवंत होता,
त्याच्या नावाने कुणी बोट पुढे केलं नसेल
असं शपथेवर मला सांगता येणार नाही.

आणि पिसुर्ल्याच्या फाट्यावर
पत्र्याच्या एका खोलीत चौदा नावं.
दुपारी गेले. सात जण झोपलेले.
मी पेन्सिलीने लिहिलं : सात.
बसची वाट बघत उभी होते तेव्हा
कारखान्याचा भोंगा झाला
आणि समोरून सात जण डबे हलवत आले.
चटया अजून गरम असतील.
परत फिरले. पिशवीतला खोडरबर
दुसरीतल्या मुलाचा, स्ट्रॉबेरीच्या वासाचा.
भीमप्पा लमाणी हसला,
बाई, दिवसा मोजलं तर आम्ही निम्मेच.

मग सुनंदाबाई.
जन्माच्या दाखल्यावर, पोर्तुगेज शाईत, आवडी,
बापाच्या गांवकरातला क 'सी' अक्षराचा.
लग्नात अंगठीने तांदळात लिहिलं सुनंदा.
कार्डावर ती सुनंडा, आणि क आता 'के'चा.
आधारवर फक्त एस.
सोप्यावर बसून त्या चौघीजणी
एकाच सुरीने कोकमं फोडत होत्या.

हांगाच आसां गो, सत्तर वर्सां.
फूल की दोन पानं, असं विचारलं होतं ना सरकारनं,
तेव्हा मी रांगेत होते, पोर काखेला.
नाव कुणी विचारलं नाही.
कुणाची सून, तेवढं विचारलं.

काय मारलंत, फूल की पानं?

ती सुरी पुसते.
घोवाकसुद्धा सांगूंक ना.

सत्त्याऐंशी वय. म्हणजे आठ दिवस आधी
मत मागायला पेटीच घरी येते,
पुठ्ठ्याचा आडोसा, चार माणसं, एक कॅमेरा.
येईल, नाव राहिलं तर.
तिने जात्यामागचा कोपरा सारवून ठेवलाय.
कॅमेरेवाल्याने आंगणात थांबायचं, म्हणते,
त्याला तिथे सरबत देईन.
नातू बोटीवर, कुठल्याशा खाडीत.
त्याचं नाव यादीत स्वच्छ, एक काना चुकलेला नाही,
आणि मतदानाला तो कधीच इथे नसतो.
त्याच्यावर हरकत आलेली नाही.

सुनावणी वाळपईला, मामलेदार कचेरीत.
हरकतदाराची खुर्ची रिकामी.
फॅन तिच्यावरच फिरत होता.
बाहेर बाकावर ती,
कोकमाने तांबडी झालेली बोटं पदरात लपवून,
जणू शाई लागून गेलीय आधीच
आणि आता कुणी पकडेल.

हिला ओळखणारं कोण?
मी.
नाव?
सांगितलं. त्याने लिहिलं,
मग पेन तसंच धरून, मान वर न करता,
लग्नाआधीचं?

ओठांवर आलं नाही पटकन.
कितीतरी वर्षांत
त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.