एक ओळ कमी

चौथ्यांदा तेच. एकशे त्र्याऐंशीव्या ओळीवर अडतं:
दुबार नोंद, ही किल्ली आधीच आहे.
बाहेर जामसंड्याच्या रस्त्याने टेम्पो जातात
रिकाम्या पेट्या वाजवत.
बागायतदार सोसायटीचा जुना सर्व्हर
मंगळवारी विजेच्या आल्या-गेल्यात मेला,
नवा टेबलावर घरघरतोय,
आणि बॅकअप, जो मी दर शनिवारी न चुकता घेतला,
परत आत जायला तयार नाही.

पहिला संशय स्वतःवर. दोनदा भरला असेन.
टेबल रिकामं केलं, शून्य मोजून घेतलं, पुन्हा ओतलं.
एकशे त्र्याऐंशी.
मग नावापुढे राहून गेलेल्या मोकळ्या जागेवर,
जी दिसत नाही आणि छळते.
नव्हतीच.

मग मी ते केलं, जे कुणाला शिकवू नये.
सांगितलं, अडलं तर सोड, पुढे जा.
गेलं. भर्रकन. हिरवी रेघ शेवटपर्यंत.
जुन्यात अकराशे त्रेसष्ट बागा,
नव्यात अकराशे बासष्ट.
एका बागेने काय होतं, म्हणालो,
आणि म्हणताना सुलभाताई तिर्लोटकरांकडे बघितलं नाही.

त्यांनी चष्मा पुसला. लाल कापडाची वही काढली,
सॉफ्टवेअर दिलं तेव्हा मीच 'आता टाका ती' म्हटलेली.
बोट खाली सरकत गेलं:
खाजणवठार, चिंचेची, भुताचा मळा, दर्या.
बोट थांबलं.
"दऱ्या खंय गेली?"
"आहे ना, ही काय."
"ती नाय रे. ह्यो दर्या, सड्याच्या टोकावरचो, घाड्यांचो.
दऱ्या सोलकरांची, व्हाळाकडची.
काल दोनशे चौदा पेटये घातल्यान तेणी."

पुन्हा म्हणा, म्हणालो.
त्या म्हणाल्या. दर्या. दऱ्या.
एकात र जड, मागच्या अक्षरावर दाबून बसलेला,
दुसऱ्यात पाय न टेकता गेलेला.

जुना सर्व्हर अक्षरं नगास नग बघायचा.
नव्याला कुणीतरी शहाणपण शिकवलंय:
बारीकसारीक खुणा मनावर घेऊ नयेत.
ऱ्याची ती तिरकी रेघ, पापणीच्या केसाएवढी,
त्याच्या लेखी धूळ.
म्हणून समुद्र आणि घळ, दोघांना एकच किल्ली,
आणि जो आधी आला तो राहिला.

सगळा दोष त्याचा नाही.
बागेच्या नावालाच किल्ली मी केलं होतं,
गावात एका नावाची एकच जागा असते म्हणून.
असतेही.

तुलनेचा नियम बदलला. टेबल पुसलं. सहाव्यांदा ओतलं.
अकराशे त्रेसष्ट.
सुलभाताईंनी आकड्यावर विश्वास ठेवला नाही,
वहीशी ताडून बघितलं, अख्खं,
माझे दोन चहा झाले.

तेवढ्यात इस्माईल सोलकर पावतीला आले.
प्रिंटरचा फॉन्ट जुना, त्याला ऱ ठाऊकच नाही.
कागदावर द, मग एक रिकामा चौकोन, मग या.
ताईंनी पेनाचं टोपण दातांनी काढलं,
चौकोनावर ती तिरकी रेघ गिरवली.
सोलकरांनी पावती लांब धरून वाचली.
"हां," म्हणाले, "हीच."