वीस बाय तीस

उदगीरला बिदर रोडच्या मागं
वीस बाय तीसच्या तुकड्यावर
उघड्या विटांचं घर आमचं.
रंग नाही, गिलावा नाही.
जाणारा-येणारा थांबतो,
"काम अडकलं का जी? पैसे सरले?"

नकाशा भाचीनं काढला.
"मामा, वीट निजवायची नाही, कडेवर उभी करायची,
मधे हात जाईल एवढी पोकळी."
महेबूब मिस्त्रीनं थापी खाली ठेवली.
चाळीस वर्षं भरीव भिंती बांधलेला माणूस,
त्र्याण्णवच्या त्या पहाटेनंतर तर जास्तच भरीव.
"दीवार पोली? लोगां क्या बोलेंगे?"
तिनं कोपऱ्यांतल्या सळया दाखवल्या,
दाराच्या डोक्यावरून फिरणारा पट्टा दाखवला.
तो हूं म्हणाला,
आणि दिवसभर गप्प बांधत राहिला.

जिन्याच्या पोटात देव्हारा, शेजारी इन्व्हर्टर.
पश्चिमेला खिडकीच नाही, फक्त विटांची जाळी.
चारच्या सुमारास फरशीवर उन्हाचे एकोणीस तुकडे पडतात,
कमल त्यांतल्याच एका तुकड्यात तांदूळ निवडते.

मे महिन्यात, बाहेर त्रेचाळीस असताना,
मी बनियन काढून भिंतीला पाठ लावतो.
आत तेव्हाचीच हवा आहे अजून,
माघातली, कोंडलेली:
मागच्या करडईचा वास, बिडीचा धूर,
मिस्त्रीचा तो न बोललेला दिवस.

परवा तो आला.
चहा तसाच ठेवून
बोटाच्या पेरानं भिंत वाजवली, दोनदा,
कान लावला.
जाताना चपला घालता घालता म्हणाला,
"पोराचं घर काढलंय.
भाचीचा नंबर देऊन ठेवा."