पडद्याबाहेरून

संहितेत माझ्या वाक्यांआधी कंसात लिहिलेलं असतं :
पडद्याबाहेरून.
चारशे बारा भाग झाले, मी तिथंच राहते.

धंतोलीत, दाताच्या दवाखान्यावर, दुसऱ्या मजल्यावर
गादीचा फोम अन् सतरंज्या ठोकलेली खोली.
मे महिना. सत्तेचाळीस अंश.
ठवरे कूलर बंद करतो,
मेलेल्या बाईच्या मागे कूलर ऐकू आला तर चालत नाही.
पातं थांबेस्तोवर आम्ही दोघंही गप्प.
मग काचेआडून तो बोट वर करतो
आणि मी मरते.

“त्या सकाळी माझ्या लेकीला माहीत नव्हतं...”

लेक समोर केस विंचरते आहे, एक क्लिप दातांत धरून.
तिला खरंच माहीत नाही.
पुढच्या भागांचे कागद तिच्याआधी माझ्याकडे येतात.
हार घातलेल्या फोटोत दुसरीच कोणी आहे,
तिला एका दिवसाचे पैसे मिळाले, हसण्याचे.
आमची कधी भेट नाही.
तिचा चेहरा, माझा घसा, एवढ्यात एक आई भागते.

गोकुळपेठेत मेथीचा भाव विचारला
तर भाजीवाली हातातलं वजन तसंच धरून बघत राहिली.
“बाई, तुम्ही त्या मेलेल्या आई नव्हे का हो?”
मग पुढं झुकून, हळूच,
“थो जावई कवा सापडन? तुम्हाले तं सारं दिसते.”
दिसत होतं. सव्विसाव्या पानावर सापडणार होता, रायपूरच्या गाडीत.
सांगता येत नाही म्हटलं.
तिनं कोथिंबीर वरून टाकली, पैसे घेईना.
“राहू द्या बाप्पा. तुमच्याकडून कायचे पैसे घ्याचे!”
घरी येईतो मी हसत होते.
मेथी निवडताना नाही.

गुरुवारी शकुताई आली पवनीहून.
पिशवीतून मेडिकलचा लिफाफा काढला,
वाच म्हणाली, तुझं इंग्रजी बरं आहे.
आणि मी वाचत असताना
दिवाळीला सगळ्यांनी पवनीला यायचं, गच्चीवर पत्रे टाकून घेते,
संत्र्याची बर्फी मात्र तू इथूनच आण, ती दुकानातली, डब्यातली नको,
असं बोलत राहिली.

दुसरं पान उलटलं.
आणि तो आवाज सुरू झाला.
माझाच, कमावलेला, एका भागाचे साडेसहाशे घेणारा,
“त्या दुपारी ताईला माहीत नव्हतं...”
कुठे थांबायचं ते मला ठाऊक होतं.
कुठे ठवरे बासरी सोडेल, तेही.
ताई बशीत चहा ओतत होती,
अगदी तशीच, जशी मी बोलायला लागल्यावर
पडद्यावरची माणसं ओततात.

मी उठले आणि कूलर लावला.
तीन नंबरवर.
पत्रा थडथडला, वाळ्यावरून पाणी सुटलं,
लिफाफा टेबलावरून उडून दिवाणाखाली गेला.
एवढ्या गोंगाटात कुठलंच वाक्य घेता येत नाही,
ठवऱ्यानं तेव्हाच बोट खाली केलं असतं.

“काय म्हनतं?” ताई ओरडली.
“काही नाही!” मीही ओरडले. “पत्रे किती फुटाचे टाकते?”
“आँ?”
“पत्रे!”
तिनं दोन्ही हात पसरून दाखवले.