मल्लव्वाचं तिकीट

दर रविवारी बांधावर टेबल टाकून मी बसते.
टेबलाचा एक पाय आखूड,
खाली कौलाचा तुकडा.
मोठ्यांना पन्नास, पोरांना वीस.
तेवढ्यात एक वेल उपटायचा,
निघतील ती रताळी घरी न्यायची,
आणि सिद्दाप्पाच्या गाडीतनं ओढ्यापर्यंत एक फेरी.

पहिल्या वर्षी मामांजी गोठ्याबाहेर आलेच नाहीत.
"माती उकराय पैशे देत्यात?
आणि आपण घ्यायचे? लाज इकून खाल्लास काय रे मोनाप्पा?"
मग बेळगावच्या एका पोरानं त्यांनाच विचारलं,
आजोबा, रताळ्याचं झाड केवढं असतं?
तेव्हापासून पटका बांधून
पहिल्या सरीच्या तोंडाशी उभे असतात,
आणि त्या पोराची गोष्ट
येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतात.

पाटी इराप्पानं रंगवली.
वर कन्नड, ठळक. खाली मराठी.
उरल्या जागेत एक रताळं,
ते उंदरासारखं दिसतं.
लोक उंदराबरोबर फोटो काढून घेतात.

मोठी पातेली कलमेश्वराच्या देवळातली.
परत देताना आत पसाभर तांदूळ टाकतो,
देवाला रिकामं भांडं कसं द्यायचं?
बचत गटाच्या बायका चुलीवर भाकऱ्या थापतात,
मोजतात कन्नडात,
भांडतात मराठीत,
आणि हिशेब चुकला की दोन्हीत गप्प बसतात.
दस्तगीरचा बर्फाचा गोळा फाटकाबाहेर,
त्याच्याकडून आम्ही काही घेत नाही,
तो मात्र माझ्या टेबलावर
दुपारी एक काला खट्टा ठेवून जातो, न विचारता.

परवा मल्लव्वा आली.

तीस वर्षं ती ह्या रानात रोजगाराला,
मी ह्या घरात आले त्याच्याही आधीपासून.
अंगावर इलकल, पायात चप्पल.
रानात चप्पल घातलेली मल्लव्वा मी कधी बघितली नव्हती.
बरोबर नात, उद्यमबागेत फौंड्रीत जाणाऱ्या लेकाची,
तिचे बूट पांढरे.

कमरेच्या पिशवीतनं सत्तर रुपये काढून
तिनं टेबलावर ठेवले, वर दगड ठेवला.
म्हटलं, तुला कसलं तिकीट मल्लव्वा, जा की आत.
ती हलली नाही.
मागं रांग वाढली, कुणीतरी हॉर्न वाजवला.
"फाड," म्हणाली. "आज मी रोजावर न्हाई."

फाडलं. नंबर एकशे बारा.

तिला बघून मामांजींची गोष्ट
त्या पोराच्या प्रश्नावरच अडकली.
ते बाजूला झाले, वाट दिली.

बाकीचे जाऊन हिरव्यागार वेलाला भुलतात.
ती सरीनं चालत गेली, खाली बघत,
आणि माती जिथं भेगाळली होती तिथं थांबली.
"हितं."
नातीनं ओढलं, वेल तुटून हातात आला.
शेजारच्यांनी खुरपं पुढं केलं.
"नको. नखानं उकरू दे."

मल्लव्वा उभी, हात पाठीमागं.
ती वाकली नाही.
मी लांबून बघत होते,
एकदाही वाकली नाही.

तीन निघाली. एक तर तळव्याएवढं,
बुटांची पार माती झाली.

सिद्दाप्पानं गाडी जुंपली, म्हणाला,
"कुठं सोडू मल्लव्वा, घराकडं?"
"घराकडं कशाला? फेरी मार,
सगळ्यांस्नी मारतोस तशी."
मागच्या फळीवर बसली, पाय खाली सोडून,
चप्पल एका बोटावर लोंबकळत.

दिवस कलला. वैजनाथचा डोंगर तिकडच्या राज्यात,
पण संध्याकाळी त्याची सावली
आमच्याच रानात उतरते,
तिला कुणी अडवत नाही.
सावली टेबलापर्यंत आली की मी गल्ला मोजते.

सोमवारी सात वाजता ती आली, अनवाणी,
तिसऱ्या सरीपासनं वेल गुंडाळायला धरला.
काल पोरांनी तुडवलेलं बघून चार शिव्या दिल्या.
मग खाली मान घालूनच विचारलं,
"काल किती माणसं आली?"
एकशे चाळीस.
"मला धरून?"
तुला धरून.