डावीकडची सीट

गाडी जपानची, चौथ्या हातातून आलेली.
चावी फिरवली की आतून एक बाई जपानीत काहीतरी सांगते,
अदबीनं, रोज तेच.
पोरांनी तिचं नाव मावशी ठेवलंय.
"हो गं मावशी," सेझिम मागून म्हणते, आणि आम्ही निघतो.

बिश्केक सुटायलाच तास गेला.
तोकमोकपर्यंत दोन भांडणं, एक उलटी,
आणि एरबोलचा एक बूट खिडकीबाहेर.
तो मी मागे चालत जाऊन आणला, मक्याच्या बांधावरून,
हसू येऊ नये म्हणून ओठ चावत.

आमच्या देशात रस्ता उजव्या हाताचा
आणि या गाडीचं स्टिअरिंगही उजवीकडे.
म्हणजे पुढे ट्रक असला
की मला दिसतो तो ट्रकच.
पलीकडून काय येतंय
ते दिसतं डावीकडे बसलेल्याला.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत तिथे मी होते.
तालाय चालवायचा, मी मान बाहेर काढून सांगायची:
थांब. थांब. हं, आता.
तेरा वर्षांचा संसार;
त्यानं माझं निमूट ऐकलं असेल
तर तेवढंच, तिथंच.

आता तो येकातेरिनबुर्गला गोदामात खोकी मोजतो.
फोनवर म्हणाला, इसिक-कुलला जायचं तर बसनं जा.
मी म्हटलं, बघते.
बघते म्हणजे नाही,
हे त्याला अजून कळलेलं नाही.

बूमच्या घाटात
खाली गढूळ नदी, वर झाडाचं पानही नसलेले
तापलेले डोंगर, आणि पुढ्यात सिमेंटचा ट्रक,
ताशी वीस, काळा धूर थेट आमच्या तोंडावर.
सेझिमला शू लागलेली.
एरबोलचं चालूच: तळं आलं का? तळं आलं का?
डावीकडे बेगिमाय.
बाराची व्हायला दोन महिने कमी, म्हणून
समोरच्या गाड्यांनी दिवे मिचकावले, पुढे पोलीस आहे म्हणून,
की सीटवरून खाली घसरते, आणि नाका गेला की पुन्हा वर.

"आई, बघू का मी?"

अर्धा किलोमीटर मी काही बोललेच नाही.
मग म्हटलं, बघ.

तिनं चष्मा काढला, फ्रॉकला पुसला, पुन्हा घातला.
मान बाहेर. वेणी वाऱ्यावर.
"थांब."
लाल बस गेली.
"थांब."
या वेळी कितीतरी वेळ काहीच आलं नाही.
मोकळाच तर आहे, मी मनात म्हणते,
पाय पेडलवर शिवशिवतोय,
आणि वळणातून तेलाचा टँकर निघाला.
"थांब म्हटलं ना!"
माझाच आवाज. माझीच चीड, ती 'म्हटलं'वर ठेच देणारी.

"हं. आता."

आंधळ्यासारखी गाडी डावीकडे घातली.
ट्रकची चाकं संपता संपेनात,
मावशी मध्येच काहीतरी बोलली,
आणि मग रस्ता, सगळाच्या सगळा, रिकामा.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
"तळं आलं का?" एरबोल म्हणाला.

घाट संपल्यावर थांबलो.
धुरावलेल्या माशांच्या माळा, बादलीभर जर्दाळू.
सेझिम टपरीमागे पळाली.
बेगिमायला जर्दाळू फोडता येईना,
बोटं थरथरत होती. मी माशांचा भाव विचारत बसले,
जे घ्यायचेच नव्हते.

फोन वाजला. तालायचा मेसेज:
पोचलात? बस बरी मिळाली का?
मी हात पुढे करायच्या आत तिनं टाईप केलं,
रसाळ अंगठ्यानं, माझ्याकडे न बघता:
हो. ड्रायव्हर बाई होती. ऐकणारी.

तळं पहिल्यांदा कुणाला दिसलं
यावरून मग बालिक्चीपर्यंत भांडण.
नुसती निळी रेघ होती, गंजक्या क्रेनमागे.
मला विचाराल तर सेझिमला दिसलं,
पण ती झोपेत होती असं दोघांचं म्हणणं.