गुंडे नोप्पी

रात्री पावणेतीनला रिक्षातून उतरवलं त्यांना,
छातीवर मूठ, बनियन घामानं चिंब,
आणि तोंडात दोनच शब्द,
गुंडे नोप्पी, गुंडे नोप्पी.
ड्यूटीवरचा डॉक्टर पोरगेलासा, भूमकडचा,
सिव्हिलला येऊन आठवडा झालेला.
त्यानं पेन उघडलं.
"किती गुंडे होते? कुठं गाठलं?
पोलिसात कळवलंय का?"

मी हसले. हसायला नको होतं.
अकरा वर्षं ईसीजीच्या या खोलीत,
पूर्वभागातली अर्धी तेलुगू कानात मुरलीय.
सर, गुंडे म्हणजे हृदय.
नोप्पी म्हणजे दुखणं.

दुडम मल्लेशम, वय त्रेपन्न, भद्रावती पेठ.
बिडी? बायको वळते, हा ओढत नाही.
दारू नाही. साखर नाही. बीपी कधी मोजलं नाही.
वडील कशानं गेले? म्हातारपणानं.
केसपेपरचे रकाने संपले
आणि माणसाला छातीत दुखायचं
एकही कारण सापडलं नाही.

जेल लावायला छाती पुसली
तर बोळा राखाडी झाला.
केसांत अडकलेली सुताची बारीक कुसळं,
मोरपंखी, लाल,
आणि त्याखाली काजळी,
जी बोळ्यावर येते ती.
जी येत नाही ती कुठवर उतरली असेल
ते या मशीनला दिसत नाही.

पट्टी सरकत बाहेर आली.
माझ्याआधी त्यांनीच ती वाचली.
जॅकार्डच्या चादरीचे मोर
चौकटीच्या कागदावर घर-घर भरून
पुठ्ठ्याची कार्डं पाडणारा हा माणूस,
ओठ निळे पडलेले, तरी बोट ठेवून म्हणाला,
"मॅडम, डिझाइन चुकलं.
ही रेघ इथनं खाली यायला पाहिजे,
वरच राहिलीय."

बरोबर होतं. अगदी तसंच शिकवलं होतं आम्हाला.
मी पळत गेले.

वाचले. स्टेंट पडला.
पाचव्या दिवशी सोडताना पोरगा पाठ केल्यासारखं सांगत होता,
तेल कमी, मीठ कमी,
रोज सकाळी अर्धा तास चांगल्या हवेत फिरायचं.
"कुठं?"
मल्लेशमनी खिशातली पेन्सिल काढली होती,
पत्ता लिहून घ्यायला.

चष्मा विसरले होते, तो द्यायला मी गेले,
एप्रिल, त्रेचाळीस डिग्री.
जिन्याखाली आठ माग, भिंत थरथरते,
वर एक खोली, एक खिडकी,
आणि खिडकीच्या नेमकी समोर
रंगकामवाल्यांच्या बॉयलरची चिमणी,
हात लांबवला तर लागेल इतकी.
"दिवसा लाकूड जाळतात," राजमणी म्हणाली,
"चिंध्या, टायर, काय काय, ते दोन वाजल्यानंतर.
खिडकी लावली की उकडून जीव जातो.
उघडली की..." आणि तिनं बिड्यांचं सूप पुढं ओढलं.
चार घरांतले चार जण तिनं बोटांवर मोजले,
सगळे पन्नाशीच्या आत-बाहेर,
सगळे पहाटेच्या आधी.

तेव्हापासून वाटतं,
पोराचा प्रश्न काही चुकला नव्हता.
किती होते? कुठं गाठलं?
कुणाला कळवलंय का?

मल्लेशम कार्डं पाडायला बसले होते.
डॉक्टरनी महिनाभर नको म्हणलंय,
पण पंच हलका आहे, म्हणाले, बसूनच तर करायचं.
ठक. ठक. ठक.
सवयीनं मी मनात मोजायला लागले,
घड्याळाकडं नजर ठेवून.
अडुसष्ट, एकोणसत्तर...
खाली कुणीतरी बॉयलरचं दार उघडलं.
राजमणी उठून खिडकी ओढायला गेली,
अर्धी ओढली,
त्यांच्या कपाळावरचा घाम बघून
परत उघडली.
मोजणं माझ्याकडून सुटलं.