बर्फात गेलेली किल्ली

ऊन मी म्हणतं, असं म्हणायची रीत आहे.
एर्मोसियोचं जूनमधलं ऊन
फक्त मीच म्हणतं.
साडेआठलाच घसरगुंडीचा तवा झालेला,
आणि मेस्कीटच्या झाडावर किडे असे चरचरतायत
की वर कुणी कांदा परततंय.

काल रात्री मी दह्याचे डबे, केकचं भांडं,
बिनझाकणाची एक बादली
पाण्याने भरून मेव्हण्याच्या कोळंबीच्या फ्रीजरात ठेवली.
पाण्यात बोगनवेल, बटणं, लिंबाच्या चकत्या,
प्लास्टिकचा एक बेडूक
आणि, हे आज सकाळी कळलं,
कूलरच्या खोलीची किल्ली.

एदुविखेसबाई काही बोलल्या नाहीत.
चष्मा पुसला. दोनदा.
बादली उपडी केली तसा ठोकळा
धप्पकन टबात बसला,
आणि त्याच्या पोटात, बेडकाच्या पायाशी,
ती. दात दाखवत.

"हातोडा आणू?" रखवालदार तिबुर्सिओ म्हणाला.
चौदा पोरांनी त्याच्याकडे असं बघितलं
की हातात नसलेला हातोडा
त्याने खाली ठेवला.

"बेडूक झोपलाय," क्रिस्पीन म्हणाला.
साडेतीन वर्षांचा. मार्चपासून येतोय शाळेत,
आणि हे त्याचं पहिलं वाक्य.

मग मीठ. एका बाजूने, मुठीमुठीने.
मीठ पडलं की बर्फ कुजबुजतो,
ठाऊक आहे तुम्हाला?
दुसऱ्या बाजूने कान लावायचा,
बधिर होईतो ऐकायचं.
ओतिलिया चमच्याने कोमट पाणी सोडते, थेंब थेंब,
औषध पाजणाऱ्या नर्ससारखी.
बेर्नाबे जीभ लावतो, खारट लागल्यावर दचकतो,
जणू बर्फानेच त्याला चाटलं.
जुळ्यांच्या हातून एक तुकडा
हातावर तुरी देऊन पळतो,
सिमेंटवर मागे ओली रेघ,
आणि रेघेच्या मागोमाग ऊन, पुसत.

तेव्हापासून सगळे बर्फानेच काढू लागतात:
घर, कुत्रा, परत घर.
शेपटीपर्यंत पोचेस्तोवर कान वाळलेले.
"नेरेइदा, माझा कुत्रा कुठे गेला?"
"वर," मी म्हणते.
ओतिलिया वर बघून हात हलवते.
जरा वेळ आम्ही दोघी हलवतो.

साडेअकरा.
बाईंच्या मानेवरून घामाच्या धारा.
तिबुर्सिओने टोपी भिजवून घातलेली, ती वाळलीसुद्धा.
स्वैपाकीणबाई कुलुपाला पाठ लावून उभी,
म्हणे लोखंड आतून गार लागतं.
मला मेल्याहून मेल्यासारखं.
ठोकळ्याला आता कंबर आली, कंबरेला भोक पडलं,
बेडकाचा एक हात बाहेर.
क्रिस्पीन तो हात धरून बसलाय.
ओढत नाही. नुसता धरून.

टक्.
कुणी दाताने शेंगदाणा फोडावा तसं.
किल्ली टबाच्या तळाला.
तिबुर्सिओने झडप घातली,
"आई गं" म्हणून टाकली,
आणि मग दोन्ही हातांनी गालाला लावली,
मोठा माणूस, मिश्या पांढऱ्या.
कुलूप निघालं. कूलर घरघरला.
"चला रे, आत चला सगळे!"

मोठी माणसं गेली.
पोरांतलं एकही हललं नाही.
टबात घोट्याएवढं पाणी, त्यात बोगनवेल,
लिंबाच्या चकत्या, मावतील तेवढे पाय,
आणि नखाएवढा शेवटचा बर्फ,
ज्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलंय,
कुणी ठरवलं कोण जाणे.

"उठला," क्रिस्पीन म्हणाला,
आणि बेडूक पाण्यावर सोडला.
हे दुसरं वाक्य.

मी दारात. पाठीला गार वारा, तोंडावर ऊन.
उद्यासाठी खिसे चाचपते:
एक बटण. चिंचोका. बसचं तिकीट.
घराची किल्ली.
नको.
बरं, बघू.